हिरवा थर्मास आणि पूर्वेची भिंत

१

भेग एवढी मोठी होती की तिच्यात माणसाची चार बोटं सहज गेली असती. आणि त्याच भिंतीबद्दल रूडी हकालाने आपल्या अहवालात लिहून दिलं होतं, तडे नाहीत, ओल नाही, स्थिती चांगली.

रूडी अमेरिकेतल्या, मोठ्या सरोवराकाठच्या सुपीरिअर गावात बावीस वर्षं घरं तपासत होता. घर घेणाऱ्याने सही करण्याआधी त्याला बोलवायचं, त्याने छपरावर चढायचं, तळघरात उतरायचं, आणि जे दिसेल ते फोटोंसकट लिहून द्यायचं, असा हा धंदा. चूक झाली तर निस्तरायला जबाबदारीचा विमा. तो नसेल तर गावातला घरविक्रीचा एकही एजंट तपासनिसाला उंबऱ्याच्या आत घेत नाही. बावीस वर्षांत रूडीने त्या विम्याला हात लावला नव्हता, आणि याचा त्याला थोडा गर्वही होता. तो गर्व एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, बर्फ वितळून गावभर चिखल झालेला असताना उतरला.

त्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरात बर्निस लाफ्लर बसली होती. विमा कंपनीने मिलवॉकीहून धाडलेली ही बाई चौसष्ट वर्षांची, बुटकी, पायांत पुरुषी बूट. बोलताना दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक बोटाभोवती फिरवत राहायची तिला खोड होती. रूडीची बायको हेल्मी हिने पुढे ठेवलेल्या वेलदोड्याच्या पावाचे तीन काप संपवूनच तिने टेबलावर दोन फोटो मांडले.

एक रूडीचा, नोव्हेंबरमधला. मरीसा सोबचॅक नावाच्या बाईने घेतलेल्या घराचं तळघर, पूर्वेची भिंत, पांढरीशुभ्र. मध्ये एक बुटकी खिडकी आणि खिडकीच्या कट्ट्यावर हिरवा, पोचे आलेला थर्मास. दुसरा फोटो गेल्या आठवड्यातला. तीच भिंत, तीच खिडकी, आणि खिडकीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली काळी भेग.

"हा थर्मास कुणाचा?" बर्निसने विचारलं.

"माझा. आत गेलो की जिथं जागा दिसेल तिथं ठेवतो. मग फोटोत येतो. हेल्मी नेहमी ओरडते."

"हेल्मी बरोबर ओरडते. समोरच्या वकिलाला हा फोटो मिळाला तर तो चौकटीत लावून घेईल. म्हणेल, साहेब कॉफी पीत होते, भिंत बघायला वेळ कुणाला होता."

रूडीने सांगितलं की आपण भिंत नीट पाहिली होती आणि ती धड होती. कदाचित भेग नंतर पडली असेल, असंही तो चाचरत म्हणाला. बर्निसने नाही म्हणून मान हलवली. भेगेत मुरलेली माती होती, कोळ्यांची काळवंडलेली जाळी होती, कडांना जुन्या पिवळ्या रंगाचे पापुद्रे होते. चार महिन्यांत असं होत नाही, भेग दहा वर्षांची तरी असणार. तिचे वडील गवंडी होते, तेव्हा तेवढं तिला कळत होतं.

"म्हणजे नोव्हेंबरात भेग होती, आणि तुम्ही म्हणता नव्हती," ती म्हणाली. "एकतर भिंत खोटं बोलतेय, नाहीतर तुम्ही. आणि एवढ्या वर्षांत खोटं बोलणारी भिंत काही माझ्या पाहण्यात आलेली नाही."

मग तिने एक कागद पुढे सरकवला. तडजोडीचा. कोर्टात भांडण्यापेक्षा भिंतीचा खर्च देऊन मोकळं होणं कंपनीला स्वस्त पडत होतं. रूडीने चूक कबूल करायची आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सही द्यायची. सही केली की पुढच्या वर्षी कुठलीच कंपनी त्याला विमा देणार नाही, हे तिने लपवलं नाही. "मला तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "मी फिरून बघते. तुम्ही बरोबर चला."

हेल्मी तिला दारापर्यंत सोडायला गेली तेव्हा रूडीने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात, असं तिच्यावर लिहिलं होतं. तारीख ऑक्टोबरची होती, म्हणजे ती भिंत तपासण्याच्या एक महिना आधीची.

२

ही चिठ्ठी त्याने कुणालाही दाखवली नव्हती, हेल्मीलासुद्धा. डॉक्टर म्हणाले होते, अजून घाई नाही, चष्म्याने भागेल. पण मरीसाचं दाव्याचं पत्र आल्यापासून रूडीची झोप उडाली होती. तो एक डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचून बघायचा, मग दुसरा मिटून. भेग आपल्यासमोर होती आणि आपल्याला ती दिसलीच नाही, तर गेल्या वर्षभरात अशा किती भेगा आपण लोकांच्या गळ्यात घातल्या, हे तो रात्रभर मोजत राही. मागच्याच रविवारी त्याने हार्डवेअरच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी डकवली होती. मोठी शिडी विकणे आहे. खाली घरचा फोन नंबर.

बुधवारी दोघं मरीसा सोबचॅककडे गेले. मरीसा शाळेत नर्स होती. नवरा लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर. सरोवराचा बर्फ फुटला की तो जायचा, तो पुन्हा बर्फ धरेपर्यंत घरी यायचा नाही. ती रूडीच्या नजरेला नजर देत नव्हती. तिने कॉफी विचारली, पण ती बर्निसकडे बघून.

तळघरात तळघरं दुरुस्त करणारा कर्ट डोबिन आधीच हजर होता. उंच, हसरा, कानामागे पेन्सिल. त्याने रूडीच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. चुकतो माणूस. विमा असतो कशाला?"

रूडीने भिंतीकडे पाहिलं. मग एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. भेग दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसत होती. त्याला त्यात काही सुख वाटलं नाही.

बर्निसने मरीसाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. डिसेंबरात ती राहायला आली. तळघर कोरडं होतं, भिंत पांढरी होती. मार्चच्या शेवटी बर्फ वितळायला लागला आणि भिंतीच्या पायाशी पाणी आलं. तिने एजंट पॉलेट ड्रुरीला फोन केला, पॉलेटने डोबिनचा नंबर दिला. तो त्याच दिवशी धावत आला. भिजलेला रंग आणि गिलावा खरवडतो, म्हणाला. ती दोन दिवस शाळेत होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा भेग उघडी पडलेली होती. डोबिनने सांगितलं, ही जुनी आहे, तुमच्या तपासनिसाने बघायला हवी होती. दाव्याचं पत्र कसं लिहायचं तेही त्यानेच सांगितलं.

"फार चांगला माणूस आहे," मरीसा म्हणाली. "खालचा जमिनीचा पट्टासुद्धा रंगवून दिला. त्याचं काही घेतलं नाही."

भिंतीच्या पायाशी हातभर रुंदीचा ताजा करडा पट्टा खरोखरच चमकत होता. बाकीची जमीन जुनी, डागाळलेली.

"आणि मांजर कुठंय तुमचं?" बर्निसने विचारलं. पायरीजवळ खाण्याची वाटी तिने पाहिली होती.

मरीसा पहिल्यांदाच हसली. मांजराचं नाव कॅप्टन. नवरा बोटीवर गेला की घरात हुकूम त्याचा. सगळा हिवाळा तो याच खिडकीच्या कट्ट्यावर मुटकुळं करून पडायचा आणि बर्फातल्या चिमण्या बघायचा. पण दुरुस्तीची ठोकाठोक झाल्यापासून तो रुसला होता. "एकदा उडी मारली, घसरला, आणि तेव्हापासून खाली यायचं नावच घेत नाही. सारखा माझ्या उशीवर."

"मांजरं असतातच तशी," डोबिन म्हणाला. "आवाजाला घाबरतात."

बर्निसच्या बोटावरचं लोहचुंबक फिरायचं थांबलं होतं, आणि ती एकटक त्या खिडकीकडे बघत होती.

३

गुरुवारी सकाळी पॉलेट ड्रुरी भेटली. तिचं ऑफिस फुलांनी आणि हसऱ्या फोटोंनी भरलेलं होतं. दोघं आल्या आल्या तिने रूडीबद्दल वाईट वाटून घेतलं आणि लगेच हात झटकले. घर विकणारे आजोबा, लीलंड क्विस्ट, अत्यंत सरळ माणूस. घराच्या दोषांची यादी तिने स्वतः त्यांच्याकडून भरून घेतली होती आणि तळघराच्या रकान्यात काही नव्हतं. डोबिनचा नंबर ती सगळ्यांनाच देते. क्विस्टसाठी त्याने कधी काम केलं होतं का, असं बर्निसने विचारलं, तेव्हा पॉलेटने टेबलावरची फुलं नीट करायला घेतली. "गावात कुणासाठी केलेलं नाही त्याने?" ती म्हणाली.

लीलंड क्विस्ट आता म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होता. बंदरावर चाळीस वर्षं काम केलेला हा माणूस ब्याऐंशीचा होता. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, त्याच सुमारास गुडघे गेले. तेव्हापासून आपण तळघराची पायरी उतरलो नाही, असं त्याने सांगितलं. शेवटी सप्टेंबरात एक गुडघा बदलून घेतला, आठवडाभर हॉस्पिटलात होता.

"भिंतीला तडा होता, आजोबा?" बर्निसने विचारलं.

म्हाताऱ्याने हातातल्या काठीकडे पाहिलं. "भिंतीसाठी जे करायचं ते मी केलं," तो म्हणाला. "घर विकलं तेव्हा चांगली होती. त्यापुढं मला विचारू नका, पॉलेटने सांगितलंय काही बोलायचं नाही."

तेवढ्यावर बर्निसने त्याचा निरोप घेतला. रूडीला तिचा रागच आला. म्हातारा काहीतरी लपवतोय हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि ही त्याला सोडून चालली होती. आंधळा हा शब्द मनात आला आणि त्याच्या खिशातली चिठ्ठी त्याला टोचायला लागली.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावलीच नाही. लपवायचं म्हटलं तर लपलं असतं. कुणी विचारलेलं नव्हतं. पण ही बाई तीन दिवस त्याच्यासाठी चिखल तुडवत होती, आणि बावीस वर्षं जे दिसलं ते लिहून देणं एवढंच त्याला येत होतं. त्याने चिठ्ठी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

बर्निसने ती वाचली, घडी घातली, आपल्या पिशवीत ठेवली. कंपनीला हे कळलं तर संपलं, हे तिने सांगायची गरज नव्हती.

"बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मग समोरच्या चिखलाकडे बघत तिने विचारलं, "तुमचा तो थर्मास कुठंय, रूडी?"

त्याला वाटलं, बाईला कॉफी हवी आहे. तो मागच्या सीटवर होता, अर्धा भरलेला.

"नोव्हेंबरात होता तोच? नवा नाही घेतला मध्ये?"

"तोच. पंधरा वर्षं तोच आहे."

"मग उद्या सकाळी दहा वाजता तो घेऊन मरीसाच्या घरी या. आणि वाटेत या आजोबांना गाडीत घ्या. नाही म्हणाले तरी घ्या."

४

शुक्रवारी दहा वाजता तळघरात चौघं जमले होते. मरीसाने शाळेतून दोन तासांची सुट्टी घेतली होती. डोबिनला बर्निसने खर्चाचं बोलायला म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे तो खुशीत होता. क्विस्ट मात्र अजून वरच्या पायरीवर होता. जिना तिथून वळत असल्याने त्याला खालचं काही दिसत नव्हतं. एक पाय, काठी, दुसरा पाय, असं त्याचं उतरणं चाललं होतं, आणि तो कुणाचा हात धरू देत नव्हता.

"ते येईपर्यंत एक काम करू," बर्निस म्हणाली. तिने रूडीचा नोव्हेंबरमधला फोटो वर धरला. "रूडी, फोटोत ठेवलाय तसा थर्मास ठेवा."

रूडी खिडकीपाशी गेला. त्याने थर्मास कट्ट्यावर ठेवला. हात काढला तसा तो डगमगला आणि कलंडला. रूडीने तो हवेतच पकडला. त्याने पुन्हा ठेवून पाहिला, पार काचेला टेकवून. निम्मं बूड बाहेर लोंबत होतं. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. तो तसाच थर्मास छातीशी धरून उभा राहिला, कारण आपल्याला काय दिसलं ते त्याला आता कळायला लागलं होतं.

"फोटोत तो आपला आपण उभा आहे," बर्निस म्हणाली. "आणि त्याच्यापुढे अजून दोन बोटं जागा शिल्लक आहे. थर्मास तोच आहे, खिडकी भिंतीच्या सिमेंटच्या ठोकळ्यांत चिणलेली आहे, ती काही हलत नाही. मग कट्टा अरुंद कसा झाला?"

"त्यांनी हाताने धरला असेल," डोबिन म्हणाला.

"फोटो एका हाताने काढून? बरं, धरला असेल. मांजराला कुणी धरलं होतं?"

मरीसाने चमकून वर पाहिलं.

"कॅप्टन हिवाळाभर इथं मुटकुळं करून झोपत होता," बर्निस तिला म्हणाली. "थर्मास जिथं मावत नाही तिथं एवढा मोठा बोका मावेल? तो रुसलेला नाही, बाई. त्याच्या अंथरुणाची जागा गेलीय. उडी मारली, घसरला, शहाणा निघाला. आपणच उशिरा शहाणे झालो."

तिने बोटावरची दोरी सोडली आणि लोहचुंबक जमिनीवर, त्या ताज्या करड्या पट्ट्यावर सोडून ओढायला सुरुवात केली. भिंतीपासून तीन इंचांवर चुंबक टक् करून चिकटलं. तिने ते सोडवलं, फूटभर पुढे नेलं. पुन्हा टक्. पुन्हा फूटभर, पुन्हा टक्. भिंतीला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका रेषेत. शेवटच्या वेळी तिने खिशातल्या चाकूने रंग खरवडला. खाली जमिनीत ठोकलेल्या खिळ्याचं तुटकं, घासून सपाट केलेलं टोक होतं.

"इथं एक पट्टी ठोकलेली होती," ती म्हणाली, "आणि त्या पट्टीवर या भिंतीच्या पुढ्यात दुसरी भिंत उभी होती. फोमचे तक्ते, वर पातळ सिमेंट, वर पांढरा रंग. खिडकीभोवती कापून कट्ट्याला फळी जोडलेली. रूडीने नोव्हेंबरात जी पाहिली ती ही. तिला तडा नव्हता, ओल नव्हती, स्थिती चांगली होती. त्यांनी दिसलं ते बरोबर लिहिलं. मीच चुकले. मी म्हणाले होते, भिंती खोटं बोलत नाहीत."

गेले दहा दिवस रूडीच्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ते पुसलं नाही. पण तपासनीस तो तपासनीसच. "मी ठोकून पाहायला हवं होतं," तो म्हणाला. "आवाज वेगळा आला असता."

"हवं होतं. पण करारात लिहिलंय, तपासणी डोळ्यांनी, काही न उकलता. त्यावर मरीसाची सही आहे. पुढच्या वेळी ठोका."

डोबिनची पेन्सिल कानामागून हातात आली होती. "म्हणजे म्हाताऱ्याने घर खपवायला केलं हे," तो म्हणाला. "मला वाटतच होतं."

"मलाही बुधवारी घटकाभर वाटलं. पण आजोबा डिसेंबरात घर सोडून गेले आणि मांजर मार्चपर्यंत झोपत होतं. म्हणजे खोटी भिंत मार्चपर्यंत जागेवर होती. त्यानंतर या तळघरात, घरात कुणी नसताना, हातात हत्यारं घेऊन दोन दिवस एकच माणूस होता. ज्याला नुसता गिलावा खरवडायचा होता, त्याने आख्खी भिंत काढून नेली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वर जमीन फुकट रंगवली. पाणी गळतंय ती भिंत तशीच, आणि आधी जमिनीला रंग. असा कारागीर माझ्या वडिलांनी दारात उभा केला नसता."

"मी का करीन असलं काही?" डोबिनने विचारलं. आता तो हसत नव्हता.

उत्तर जिन्यावरून आलं. लीलंड क्विस्ट शेवटच्या पायरीवर पोचला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या जुन्या तळघरात उभा होता, आणि त्याची नजर भेगेवर होती.

"ही तर तू बुजवली होतीस," तो म्हणाला.

म्हातारा काठी टेकत भिंतीपाशी गेला, त्याने भेगेत हात घातला आणि तो तसाच ठेवून वळला. "सप्टेंबरात, मी गुडघ्यासाठी हॉस्पिटलात होतो तेव्हा. म्हणालास, आतून भिंत सरळ करतो, भेग बुजवतो, लोखंड घालतो. मी सगळे पैसे दिले, रे. पावती आहे माझ्याकडं. तू मला फोनवर फोटो दाखवलास, पांढऱ्या भिंतीचा. मी पॉलेटला विचारलं, दुरुस्ती केली ते लिहायचं का. ती म्हणाली, बरं झालेलं दुखणं कशाला सांगत बसता, गिऱ्हाईक पळतं. म्हणून नाही लिहिलं. ते चुकलं माझं." त्याने रूडीकडे पाहिलं. "तुझ्यावर आलं होय हे सगळं, पोरा?"

रूडी एकसष्ट वर्षांचा होता. त्याने नुसती मान हलवली.

बर्निसने उरलेलं थोडक्यात सांगितलं. खऱ्या दुरुस्तीचे पैसे घेऊन डोबिनने दोन दिवसांत देखावा उभा केला होता. बर्फ वितळून पाणी आलं आणि पॉलेटने नेमका त्यालाच फोन करायला सांगितला. दुसरं कुणी आलं असतं तर तक्ते निघाले असते आणि त्याचंच काम उजेडात आलं असतं, म्हणून तो धावत आला. तक्ते गेले, राहिली भेग आणि तडे नाहीत म्हणणारा रूडीचा अहवाल. मग दोष कुणाच्या गळ्यात घालायचा हे आयतंच ठरलं. शिवाय तीच भिंत दुसऱ्यांदा दुरुस्त करायचं काम, तेही विम्याच्या खर्चाने.

डोबिनने हत्यारांची पेटी उचलली. आपण वकिलाशी बोलू, असं तो म्हणाला.

"जरूर बोला," बर्निस म्हणाली. "आणि फोमचे तक्ते कुठं टाकलेत ते त्याला आधीच सांगून ठेवा. पुढचा प्रश्न तोच येणार आहे."

५

मरीसाने दाव्याचं पत्र तिथेच मागे घेतलं. भिंतीचा खर्च आता डोबिनवरच्या दाव्यात जाणार होता, आणि क्विस्टने पावती घेऊन साक्षीला येतो म्हणून सांगितलं होतं. मग तिने रूडीच्या हातातला थर्मास काढून घेतला, वर नेला, धुतला आणि ताज्या कॉफीने भरून आणून दिला. रूडीने तिला सांगितलं की भिंत होईपर्यंत बाहेरच्या बाजूने पन्हाळीचं पाणी लांब सोडा, आणि उद्या येऊन तो ते स्वतः करून देईल.

बाहेर गाडीपाशी बर्निसने तडजोडीचा कागद काढून चार तुकडे केले. साडेअकरा झाले होते. मग तिने पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली.

"हे तुमचं तुम्हाला. या दाव्याशी त्याचा काही संबंध नाही. चार बोटांची भेग अर्ध्या डोळ्यालाही दिसते, तुम्ही परवा पाहिलीतच की. पण कुणी विचारलं तर खरं सांगा, आणि ऑपरेशन करून घ्या. आणि आज रात्री बायकोला सांगा. ते आधी."

"रात्री कशाला," रूडी म्हणाला, "आत्ताच जाऊन सांगतो."

त्याने सांगितलं तेव्हा हेल्मी शुक्रवारचे मासे पिठात घोळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. भिंतीचं, मांजराचं, शेवटी डोळ्याचं. पिठाच्या हातांनीच तिने त्याचा चेहरा धरला, खिडकीकडे वळवला आणि डावा डोळा निरखून पाहिला. सहा महिने लपवलंस म्हणून ती त्याला चांगलंच बोलली, आणि बोलता बोलता रडली. मग तव्यावरचे मासे करपायला लागले म्हणून दोघंही चुलीकडे धावले. रूडीला हसू आवरेना. दहा दिवसांनी त्याला भूक लागली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हेल्मीने कोपराने रिसीव्हर उचलून खांद्यात धरला, ऐकलं, आणि नवऱ्याकडे वळून बघत राहिली.

"कुणीतरी शिडीबद्दल विचारतंय," ती म्हणाली. "म्हणतोय, दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी वाचली. कसली चिठ्ठी, रूडी?"

रूडीने हात पुसले आणि तिच्या खांद्यावरून फोन घेतला.

"शिडी विकायची नाही," तो म्हणाला. "सोमवारी मला लागणार आहे."